तलवारीतली नळी आणि शाईतला डिंक

१/२४
दर काही महिन्यांनी एक चित्र समाजमाध्यमांवर फिरू लागते. एका बाजूला लहरदार नक्षीच्या पात्याची तलवार, दुसऱ्या बाजूला सूक्ष्मदर्शकाने टिपलेली करडी नळी आणि खाली एकच वाक्य : प्राचीन भारतीयांना नॅनोतंत्रज्ञान अवगत होते. हे वाक्य पुराव्याच्या कसोटीवर टिकत नाही. त्याहून वाईट म्हणजे, ज्या कारागिराचा गौरव करण्याचा आव ते आणते, त्याच कारागिराची खरी विद्या ते झाकून टाकते. हा धागा त्या अन्यायाविषयी आहे.

२/२४
आधी वस्तू समजून घ्यावी. कार्बन नॅनोट्यूब म्हणजे कार्बनच्या अणूंची अतिसूक्ष्म नळी. शिसपेन्सिलीतल्या ग्रॅफाइटचा एक-अणू जाडीचा पापुद्रा गुंडाळून नळी केली, असे तिचे रूप. एकाच भित्तीच्या नळीचा व्यास साधारण एक नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. अनेक नळ्या एकात एक बसलेल्या असतील, तर ती बहुभित्ती नळी. ताणाला विरोध करण्याचा तिचा गुण पोलादाच्या सुमारे पाचपट असून वजन मात्र पोलादाच्या मानाने फारच कमी. एवढ्या गुणांची वस्तू प्राचीन पात्यात सापडली म्हटल्यावर गाजावाजा होणे स्वाभाविक होते.

३/२४
पहिला पुरावा २००६चा. जर्मनीतल्या ड्रेस्डेन येथील पीटर पाउफ्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक छोटा लेख प्रसिद्ध केला. स्वित्झर्लंडमधील बर्नच्या इतिहास-संग्रहालयातील एका तलवारीचा तुकडा त्यांनी तपासला होता. ती १७व्या शतकातील असदुल्ला या नामांकित कारागिराची मानली जाते. तुकडा हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवल्यावर उरलेल्या अवशेषांत त्यांना कार्बनच्या नळ्या दिसल्या. काही नळ्यांच्या पोटात सिमेंटाइटच्या, म्हणजे लोह-कार्बाइडच्या, तारा होत्या. नळीच्या आवरणामुळे त्या आम्लातून वाचल्या होत्या.

४/२४
दुसरा पुरावा २०२०चा आणि भारतभूमीतला. तामिळनाडूत मदुराईजवळ, वैगई नदीच्या परिसरात कीळडी हे उत्खननस्थळ आहे. तेथील खापरांच्या आतल्या अंगाला काळा, चिवट लेप आहे. वेल्लोरच्या व्हीआयटीतील संशोधकांसह एका गटाने त्या लेपात एकभित्ती आणि बहुभित्ती कार्बन नॅनोट्यूब्ज असल्याचे 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये मांडले. खापरांचा काळ इसवीसनपूर्व ६व्या शतकापर्यंत मागे नेला गेला. एखादा वनस्पतिजन्य रस वा अर्क भांड्याला आतून लावला असावा आणि भाजताना त्यातून या नळ्या तयार झाल्या असाव्यात, असा संशोधकांचाच तर्क आहे.

५/२४
दोन्ही लेख मान्यवर नियतकालिकांतले आहेत आणि त्यांना थोतांड म्हणण्याचे कारण नाही. प्रश्न पुढच्या उडीचा आहे. 'पात्यात नळी सापडली' या वाक्यापासून 'कारागिराला नळी ठाऊक होती' या वाक्यापर्यंत जाण्यासाठी मधे पूल हवा. तो पूल या दोन्ही लेखांत नाही आणि त्यांच्या लेखकांनी तो बांधल्याचा दावाही केलेला नाही. तो बांधला बातम्यांच्या मथळ्यांनी, आणि त्यावरून वरात काढली पुढे ढकलल्या जाणाऱ्या संदेशांनी.

६/२४
हा पूल का टिकत नाही, याचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. २००४मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैसर्गिक वायू आणि प्रोपेन जाळणाऱ्या साध्या शेगड्यांच्या ज्वाळेतून निघणारी काजळी तपासली. तिच्यात बहुभित्ती नळ्या मिळाल्या. त्याच सुमारास ग्रीनलंडमधील सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बर्फाच्या गाभ्यातही तशाच नळ्या आढळल्या. त्या बर्फात कोणी लोहार नव्हता, कुंभारही नव्हता. कार्बन, उष्णता आणि योग्य परिस्थिती जुळली की या नळ्या माणसाला न विचारता जन्म घेतात.

७/२४
येथे तीन गोष्टी वेगळ्या करणे अगत्याचे आहे. वस्तू असणे ही एक गोष्ट. वस्तू हातून घडणे ही दुसरी. वस्तू आहे हे जाणून, तिच्यातील अडचण ओळखून, ती हवी तशी वळवणे ही तिसरी. तंत्रज्ञान हे नाव तिसऱ्या गोष्टीला शोभते. दही लावणारी प्रत्येक आजी जिवाणूंकडून काम करवून घेत होती. म्हणून तिला सूक्ष्मजीवशास्त्र ठाऊक होते असे कोणी म्हणत नाही. आणि तसे न म्हटल्याने तिच्या दह्याची चव कमी होत नाही.

८/२४
मात्र प्राचीन दाव्याची खिल्ली उडवणारी मंडळी जे दुसरे वाक्य फेकतात, तेही तितकेच कच्चे आहे : 'नॅनोट्यूबचा शोध १९९१मध्ये जपानच्या सुमिओ इजिमा यांनी लावला.' १८८९मध्येच ह्यूज आणि चेंबर्स यांनी लोखंडी मुशीत मिथेन आणि हायड्रोजन तापवून केसासारखे कार्बनतंतू बनवण्याचे अमेरिकी पेटंट घेतले होते. १९५२मध्ये रादुश्केविच आणि लुक्यानोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी सुमारे ५० नॅनोमीटर व्यासाच्या पोकळ कार्बन-नळ्यांची छायाचित्रे रशियन नियतकालिकात छापली. शीतयुद्धाच्या भिंतीपलीकडे ती फारशी कोणी वाचली नाहीत.

९/२४
१९७६मध्ये ओबर्लिन, एंदो आणि कोयामा यांनी बेंझीनच्या विघटनातून वाढलेले पोकळ तंतू दाखवले. १९८७मध्ये अमेरिकेत हॉवर्ड टेनंट यांना अशा तंतूंच्या उत्पादनाचे पेटंट मिळाले. पुढे त्या जातीचे तंतू प्लास्टिकमध्ये मिसळून मोटारींच्या इंधननळ्यांसाठी वापरले गेले, जेणेकरून स्थिर विद्युत साचून ठिणगी पडू नये. मग १९९१चे महत्त्व काय? त्या वर्षी 'नेचर'मधील लेखात इजिमा यांनी नळीच्या भित्तींची रचना, त्यांतील मळसूत्री गुंडाळी, अणूंच्या पातळीवर उलगडून दाखवली. फुलरीनच्या शोधाने जग तेव्हा कार्बनकडे डोळे लावून बसले होते. इजिमा यांनी पाहिलेले जगाला दिसले.

१०/२४
म्हणजे 'पहिले कोण' हा प्रश्न दोन्ही बाजूंनी चुकीचा विचारला जातो. नळी पहिल्यांदा कोणाच्या हातून घडली, हे सांगता येणे अशक्य आहे. ती आदिमानवाच्या शेकोटीतही घडली असेल. इतिहासकाराने विचारण्याजोगा प्रश्न वेगळा आहे : ही नळी माणसाच्या कामी कशी आली? त्याचे उत्तर शोधू लागले की नळीच्या शोधाचा इतिहास मागे पडतो आणि नळीच्या पृष्ठभागावरील संस्कारांचा इतिहास पुढे येतो. खरी झुंज तिथे झाली.

११/२४
कारण भट्टीतून निघालेली नॅनोट्यूब जवळजवळ निरुपयोगी असते. लांबच लांब, गुळगुळीत अशा या नळ्या एकमेकींना व्हॅन डर वाल्स आकर्षणाने चिकटतात आणि त्यांच्या जुड्या बनतात. पाण्यात टाका, गुठळी. राळेत मिसळा, गुठळी. थंड पाण्यात एकदम बेसन टाकल्यावर जे होते तेच, फक्त ही गुठळी हाताने मोडत नाही. आणि गुठळी हा पदार्थातला कच्चा दुवा असतो. बळकटीसाठी घातलेली वस्तूच मग भेग पडण्याची जागा ठरते.

१२/२४
गुठळी मोडली तरी दुसरी अडचण उभी राहते. भारतीय वंशाचे पुलिकेल अजयन हे बनारस हिंदू विद्यापीठात धातुशास्त्र शिकून पुढे जपानमध्ये इजिमा यांच्यासह काम केलेले शास्त्रज्ञ. १९९४मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी नळ्या राळेत मिसळून तिचे पातळ काप काढले आणि कापताना नळ्या एका दिशेला लागतात हे दाखवले. पण १९९८मध्ये अजयन यांच्याच गटाला आढळले की, राळ ओढली असता भार बहुभित्ती नळीच्या आतल्या भित्तींपर्यंत पुरेसा पोचत नाही. गुळगुळीत नळी राळेला धरून ठेवत नाही, आणि आतली भित्ती बाहेरचीला. बळ आहे, पण ते हाती लागत नाही.

१३/२४
धातूंमध्ये तर प्रकरण अधिक बिकट. १९९४मध्ये एब्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, ज्या द्रवाचा पृष्ठताण सुमारे १०० ते २०० मिलिन्यूटन प्रतिमीटर या मर्यादेखाली आहे, तोच नॅनोट्यूबला भिजवतो. पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२; म्हणून पाणी तिला भिजवू शकते. वितळलेल्या ॲल्युमिनियमचा ८००हून अधिक. अळवाच्या पानावरून पाणी ओघळावे तसा तो नळीवरून ओघळतो. शिवाय जास्त तापमानाला कार्बन आणि ॲल्युमिनियम यांचे ठिसूळ कार्बाइड बनण्याचा धोका असतो. म्हणून नळीवर आधी निकेल किंवा तांब्याचा पातळ मुलामा चढवण्याची वाट शोधली गेली. मुलामा धातूला आपलासा वाटतो आणि आतल्या नळीचे रक्षणही करतो.

१४/२४
नळीला वळण लावण्याचा पहिला मार्ग रासायनिक. १९९४मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी नायट्रिक आम्लात उकळून नळ्यांची बंद टोके उघडली. १९९८मध्ये अमेरिकेतील राइस विद्यापीठात रिचर्ड स्मॉली यांच्या गटाने गंधकाम्ल आणि नायट्रिक आम्लाच्या मिश्रणात, श्राव्यातीत ध्वनीच्या माऱ्याखाली, नळ्यांचे आखूड तुकडे केले. आम्लाने कातरलेल्या टोकांवर कार्बॉक्सिल गट उगवतात, आणि या खुंट्यांना पुढे हवे ते अडकवता येते. त्याच वर्षी केंटकी विद्यापीठातल्या गटाने अशा खुंटीला लांब साखळीचा अमाइन रेणू जोडला आणि एकभित्ती नळ्या सेंद्रिय द्रावकात विरघळवून दाखवल्या.

१५/२४
या मार्गाची किंमत मोजावी लागते. नळीतला प्रत्येक कार्बन तीन शेजाऱ्यांचे हात धरून असतो आणि त्याचा चौथा इलेक्ट्रॉन भित्तीवर मोकळा फिरतो. विद्युत वाहते ती त्याच्या जोरावर. भित्तीवर खुंटी ठोकली की तो इलेक्ट्रॉन तिथे बांधला जातो. खुंट्या वाढल्या की राळेशी जवळीक वाढते, पण नळी वीज वाहण्यात मंद होते आणि आम्लाचा मारा फार झाला तर कमकुवतही. कोणत्या कामासाठी किती खुंट्या, हा हिशेब गेल्या तीन दशकांतल्या हजारो प्रयोगांनी मांडला आहे. तंत्रज्ञान म्हणतात ते हेच.

१६/२४
दुसरा मार्ग अहिंसक म्हणावा असा. भित्तीला धक्का न लावता तिच्याभोवती काहीतरी गुंडाळायचे. २००१मध्ये राइसच्याच गटाने पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरची साखळी नळीभोवती लपेटून नळ्या पाण्यात आणल्या, आणि ती साखळी पुन्हा उलगडताही आली. २००३मध्ये ड्यूपाँ कंपनीतील संशोधकांनी डीएनएचा एकपदरी धागा वापरला. त्याच्या लपेटीवरून वेगवेगळ्या जातींच्या नळ्या निवडून काढता येऊ लागल्या. या दोहोंच्या मधे, २००२मध्ये, इस्रायलमधील बेन-गुरियन विद्यापीठातून एक लेख आला. वरच्या सगळ्या वादाचा खरा निकाल त्या लेखात दडला आहे.

१७/२४
त्या लेखाचे पहिले लेखक राजदीप बंद्योपाध्याय. पुढे ते मुंबईच्या आयआयटीत अध्यापक झाले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एकभित्ती नळ्यांच्या जुड्या सोडवून त्या पाण्यात सुट्या ठेवण्यासाठी जे वापरले, ते कोणतेही नवे रसायन नव्हते. तो होता अरबी डिंक, बाभळीच्या कुळातील झाडाचा. डिंकाचे लांब रेणू नळीच्या अंगाला बिलगतात, त्यांची टोके पाण्यात पसरतात, आणि दोन नळ्या जवळ आल्या तर ती टोके त्यांना एकमेकींपासून दूर ठेवतात. नळीची भित्ती अबाधित राहते.

१८/२४
काजळ आणि डिंक. ही जोडी कोणाची, हे इतिहासाच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको. प्राचीन इजिप्तमध्ये लेखनिक काजळी आणि डिंक यांची शाई वापरीत. भारतात पोथ्यांची काळी शाई याच घराण्यातली : तेलाच्या दिव्यावर धरलेली काजळी, डिंकाचे पाणी आणि खलात दीर्घकाळ घोटणे. नुसती काजळी पाण्यावर तरंगते वा तळाशी बसते. डिंकाने ती सुटी राहते, बोरूतून उतरते आणि कागदाला धरून ठेवते. पाण्याला न जुमानणाऱ्या कार्बनला पाण्यात नांदवणे हीच अडचण २००२च्या प्रयोगशाळेपुढे होती, आणि उपायही तोच निघाला.

१९/२४
म्हणून ज्याला आजच्या नॅनोट्यूब-विद्येचा प्राचीन पूर्वज हवाच असेल, त्याने तलवार खाली ठेवावी आणि दौत उचलावी. शाई करणाऱ्याला अडचण डोळ्यांनी दिसत होती : काजळी गोळा होते. उपाय त्याला ठाऊक होता : डिंक, आणि भरपूर घोटणे. प्रमाण चुकले तर काय होते, हेही तो जाणत होता. डिंक कमी पडला तर अक्षर पुसते, जास्त झाला तर शाई चिकटते. ती विद्या तो शिष्याला देऊ शकत होता. रेणू हा शब्द त्याला माहीत नव्हता, तरी अडचण, उपाय आणि प्रमाण या तिन्ही अर्थांनी तो आपल्या कामाचा जाणता होता. नळीबाबत तलवारकाराविषयी असे काहीच म्हणता येत नाही.

२०/२४
'मग लोहार अडाणी होता काय?' हा आक्षेप येतो आणि तो यायलाच हवा. लोहार अडाणी नव्हता. तो पोलादाचा जाणता होता. दक्षिण भारत आणि श्रीलंका येथे घडणाऱ्या वुट्झ पोलादासाठी लोखंड बंद मुशीत वनस्पतींसह तापवले जाई. तरवडाचे लाकूड आणि रुईची पाने यांचा उल्लेख त्या कृतीच्या वर्णनांत येतो. दख्खनच्या माळावर जाताना आज ज्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही, तीच ही झुडपे. मुशीत लोखंड कार्बन पिते. ती सावकाश निवते. मग त्या वडीला बेताच्या तापमानाला ठोकून पाते काढतात. ताप जरा वाढला तर वडी घणाखाली फुटते. हा बेत हीच त्याची विद्या.

२१/२४
पात्यावरच्या लहरींचे कोडे अमेरिकी धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवेन आणि पातीकार आल्फ्रेड पेंड्रे यांनी १९९०च्या दशकात स्वतः पाती घडवून सोडवले. खनिजात नैसर्गिकपणे असलेल्या व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांच्या अत्यल्प अंशामुळे कार्बाइडचे कण ओळीने बसतात आणि नक्षी उमटते. त्यांच्या स्पष्टीकरणाला नॅनोट्यूबची गरज पडली नाही. नळ्यांमुळे पाते अधिक धारदार वा चिवट झाले, हे २००६च्या लेखानेही सिद्ध केलेले नाही. ती तलवार घडवणाऱ्या पोलादाची वडी भारतातल्या कोणत्या भट्टीतून गेली, हेही त्याने दाखवलेले नाही. एका तलवारीच्या तुकड्यावरून एका देशाच्या 'नॅनोतंत्रज्ञाना'ची घोषणा करणे हा इतिहासलेखनाचा नव्हे, जाहिरातीचा प्रकार झाला.

२२/२४
अन्याय येथे होतो. मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी वुट्झचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवले. १७९५मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवर निबंध वाचला. लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरडे यांनी १८१९पासून या पोलादाचा अभ्यास केला आणि स्टोडार्ट यांच्यासह पोलादाच्या मिश्रधातूंचे प्रयोग केले. भारतीय मुशीने युरोपच्या धातुशास्त्राला असा प्रश्न घातला. नागपूर जिल्ह्यातल्या नाईकुंड येथील उत्खननात महापाषाणयुगीन लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. ही सारी खरी, तपासता येणारी, अभिमानास्पद गोष्ट आहे. पण समाजमाध्यमांवर नाईकुंडचे चित्र फिरत नाही, कारण त्याच्याखाली 'नॅनो' लिहिता येत नाही. आधुनिक शब्दाचे बिरुद लावल्याशिवाय पूर्वजांचा मान राखता येत नसेल, तर तो मान पूर्वजांचा नसून त्या शब्दाचा आहे.

२३/२४
या भ्रमाची दुसरी किंमत वर्तमानाला मोजावी लागते. 'हे सारे आमच्याकडे होतेच' असे म्हणणाऱ्याला आजच्या कष्टाचे मोल उरत नाही. आज नॅनोट्यूब्ज लिथियम-आयन बॅटरीच्या विद्युतअग्रांत वीज वाहून नेण्यासाठी मिसळल्या जातात, आणि तेथेही नळ्या सुट्या करून पसरवणे हीच मुख्य कसरत असते. धोकाही खरा आहे : २००८मध्ये लांब, ताठ बहुभित्ती नळ्यांनी उंदरांच्या उदरपोकळीत ॲस्बेस्टॉससारखी विकृती निर्माण केल्याचे दिसले, आणि २०१४मध्ये कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने अशा नळ्यांच्या एका विशिष्ट प्रकाराला 'मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता' असलेल्या गटात ठेवले. नळीची लांबी, ताठपणा आणि पृष्ठभागावरील संस्कार यांवर तिचे वर्तन अवलंबून असते. या प्रश्नांची उत्तरे पूर्वजांच्या नावाने मिळणार नाहीत. ती प्रयोगशाळेतच शोधावी लागतील.

२४/२४
इतिहासाची ओढ असलेल्या तरुणाने असे चित्र पुन्हा समोर आले की चार प्रश्न विचारावेत. ही वस्तू माणसाविना निसर्गात आपोआप घडते काय? कारागिराला तिच्यातली अडचण जाणवत होती, याचा काही पुरावा आहे काय? ती वस्तू काढून घेतली तर त्याच्या कामात फरक पडला असता, हे कोणी दाखवले आहे काय? आणि मूळ लेख काय म्हणतो, मथळा काय म्हणतो? कीळडीच्या खापराला हे प्रश्न विचारले तर २,६०० वर्षे टिकलेला लेप आणि तो लावणाऱ्या कुंभाराचा आव्यावरचा हात उरतो. बर्नच्या तलवारीला विचारले तर मूस, ऐरण आणि तापाचा बेत उरतो. दौतीला विचारले तर काजळ, डिंक आणि खलाची घरघर उरते. जे उरते ते पुरेसे आहे. त्यात पदरचे काही घालण्याची गरज त्या कारागिरांना कधी पडली नव्हती.